खानावळ काढणाऱ्यांनी आधी हे वाचावं

चार पोरांना डबे घालायचे आणि भाड्याचे पैसे सोडवायचे, हा बेत इथं विलायतेत आलेला प्रत्येक दुसरा मराठी माणूस तेव्हा करायचा. मीही केला. खोली, कोट, शिलिंगचं नाणं टाकून चालायचा तो गॅस-मीटर यांबद्दल कुणीही सांगेल. मी सांगणार आहे ते कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, स्वयंपाकघरं तपासणाऱ्या इन्स्पेक्टरचं.

त्याला तेव्हा 'सॅनिटरी इन्स्पेक्टर' म्हटलेलं चालायचं नाही. 1956 पासून तो पब्लिक हेल्थ इन्स्पेक्टर झाला होता आणि जुनं नाव त्याला झोंबायचं. तो न कळवता येतो, त्याला तसा अधिकार आहे. चहा विचारा, पाकीट पुढे करू नका. आपल्यातल्या एका शहाण्याने ते केलं आणि साधी ताकीद होती ती प्रकरण होऊन बसली.

आता माझी चूक. गुरुवारी रात्री मटणाचा रस्सा मोठ्या पातेल्यात रांधला आणि झाकून मागच्या दाराशी ठेवला. बाहेर बर्फ, म्हटलं फ्रिज कशाला हवा! सकाळी साहेब हजर. वरचा थर गार होता. त्याने थर्मामीटर पार मध्यापर्यंत खुपसला, तर आत कोमट. तेव्हाच्या नियमाप्रमाणे शिजवलेलं मांस आणि रस्सा 50 अंश फॅरनहाइटच्या खाली नाहीतर 145 च्या वर ठेवायचा असे. मधल्या उबेत जंतू वाढतात, आणि मोठं पातेलं रात्रभर त्याच उबेत असतं. रस्सा ओतून दिला. कोर्टात 25 पौंड दंड झाला. त्याचं एवढं नाही, पण गल्लीच्या नावासकट माझं नाव स्थानिक पेपरात आलं. निम्मी गिऱ्हाइकं गेली. रस्सा परातीत पसरा, परात गार पाण्यात ठेवा, निवला की लगेच फ्रिजमध्ये. हे लिहून भिंतीला चिकटवा.

बोट कापलं तर हळद-चिंधी चालत नाही, पाणी न शिरणारी पट्टी लागते. स्वयंपाकघरात विडी, तपकीर बंद, थुंकणंही बंद. पान खाणाऱ्यांनी रागावू नये, तेव्हाच्या नियमात तसं स्पष्टच लिहिलेलं होतं. संडासाचं दार थेट स्वयंपाकघरात उघडत असेल तर ती जागा घेऊच नका, कितीही स्वस्त मिळो.

'हे फक्त काळ्यांनाच छळतात' असं आपले लोक म्हणतात. काही साहेब खरंच आपल्याकडे नाक वर करून बघतात. पण 1964 साली स्कॉटलंडातल्या ॲबर्डीनला विषमज्वराने पाचशेच्या वर माणसं आजारी पडली, ती अर्जेंटिनाहून डब्यातून आलेल्या बीफने, तेही चकचकीत दुकानातून. आणि दाराबाहेरच्या दुधाच्या बाटलीला पाखरं चोच मारून जायची, तेच दूध हे गोरे लोक चहात घालायचे!

नखं घासायचा ब्रश आजच आणा. हात धुवायच्या बेसिनपाशी गरम पाणी, साबण, टॉवेल माझ्याकडे होतं. ब्रश नव्हता, आणि त्या सकाळी पातेल्याकडे वळायच्या आधी त्याने तोच मागितला होता.