गोव्याच्या नद्यांवर तरता पूल बांधताना या चुका टाळा

राखीव दलातील अभियंते सरावासाठी वर्षातून थोडेच दिवस एकत्र येतात, त्यामुळे पोंटून (पूल ज्यांवर तरंगतो ते पोकळ तराफे) जोडण्याची कवायत त्यांच्या अंगवळणी पडलेली असली, तरी समोरची नदी बहुधा परकी असते. गोव्यात हे अधिक नडते, कारण मांडवीत भरतीचा परिणाम समुद्रापासून बऱ्याच आत असलेल्या गांजे गावापर्यंत जाणवतो आणि साधारण दर सहा तासांनी प्रवाह उलटतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे सगळे नांगर नदीच्या वरच्या अंगालाच टाकणे. ओहोटीत पूल सरळ दिसतो. भरती आत शिरू लागली की तेच दोर सैल पडतात आणि पुलाचा मधला भाग धनुष्यासारखा वरच्या अंगाला वाकतो. अशा वेळी मोटरबोटीने पूल रेटून धरणे हा तात्पुरता इलाज झाला. वाहतूक थांबवून खालच्या अंगालाही नांगर टाकलेच पाहिजेत. दोर पाण्याच्या खोलीच्या सुमारे दहापट लांब असावा, कारण आखूड दोर नांगराला आडवा न ओढता वर उचलतो आणि इथल्या मऊ गाळातून सुटलेला नांगर पुन्हा रुतेलच याचा भरवसा नसतो. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की पुलावरचा रेटा चौपट होतो, म्हणून नांगरांची संख्या उधाणाच्या प्रवाहावरून ठरवावी.

नदीची रुंदी भरतीला मोजावी आणि खोली ओहोटीला. घाईत नेमके उलटे होते. उधाणाच्या दिवसांत पाणी दोन मीटरच्या आसपास उतरते, तेव्हा भरतीला सपाट असलेला दहा मीटरचा रॅम्प पाचास एक इतका तीव्र उतार घेतो आणि काठालगतचा पोंटून गाळावर टेकतो. टेकलेल्या पोंटूनवर गाडी चढवल्यास सांध्याला पीळ बसतो व खीळ अडकते. ती घण घालून काढू नये. पाणी चढून पोंटून तरंगला की ती सहज निघते.

मुरगाव बंदराचे भरती-ओहोटीचे तक्ते जसेच्या तसे वापरणेही चूकच, कारण नदीत आत जावे तशी भरती उशिरा येते. काठावर खुणांची पट्टी रोवून आदल्या दिवशी नोंदी घ्याव्यात, आणि फेरीबोट चालवणाऱ्यांना जरूर विचारावे. त्यांना पाणी थबकण्याची वेळ पाठ असते. पुलाचा शेवटचा दुवा त्याच वेळी जोडावा.

साहित्याचे ट्रक खाजनाच्या, म्हणजे नदीकाठच्या सखल शेतजमिनीच्या, बांधावरून मात्र नेऊ नयेत. बांध खचल्यास खारे पाणी थेट भातशेतीत शिरते.