व्हीएमचं घड्याळ मागे पडलं तेव्हा

नोकरीला लागून मला तीन महिने झाले होते. स्टोरेजच्या कामासाठी आम्ही पहाटे काही व्हीएम (एका खऱ्या मशीनवर सॉफ्टवेअरने चालणारे आभासी संगणक) ४० मिनिटं पॉज केल्या आणि साडेचारला पुन्हा चालू केल्या. साडेआठपासून तक्रारी: एका सर्व्हरवर कुणालाच लॉगिन होईना. मी तासभर पासवर्ड रीसेट करत बसले. मग लॉग नीट वाचला. ‘क्लॉक स्क्यू टू ग्रेट’, म्हणजे घड्याळांमधला फरक फार मोठा. माझ्या मनगटावर साडेनऊ, सर्व्हरवर सव्वानऊ! लॉगिन तपासणारी कर्बेरॉस ही पद्धत एरवी ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही.

सरांना म्हटलं, “पण घड्याळ जुळवणारी क्रोनी तर चालू आहे.” ते म्हणाले, “चालू आहे ते कळलं. वेळ किती मागे आहे, ते बघितलंस का?”

नव्यांनी हाच प्रश्न आधी विचारावा. केव्हीएमवर (लिनक्सवर व्हीएम चालवणारी यंत्रणा) व्हीएम पॉज केली की गेस्टचं, म्हणजे त्या व्हीएमचं, घड्याळही थांबतं. पुन्हा चालू झाल्यावर क्रोनीला फरक कळतो, पण नेहमीच्या ‘मेकस्टेप १ ३’ या सेटिंगमुळे ती स्वतः सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या तीन अपडेटमध्येच घड्याळ एकदम पुढे-मागे करते. त्यानंतर फक्त चाल वाढवते, तीही जास्तीत जास्त एक बारांशाने. म्हणजे तासाला ५ मिनिटं भरून निघतात, ४० मिनिटांना ८ तास. आमचे पाच तास झाले होते, म्हणून १५ मिनिटं उरली होती.

घड्याळ एका झटक्यात जुळवणारा ‘क्रोनीसी मेकस्टेप’ आदेश दिला आणि लॉगिन सुरू झालं. हा आदेश देण्याआधी त्या मशीनवर डेटाबेस आहे का, ते जरूर विचारा. घड्याळ मागे ओढलं तर नव्या नोंदींवर जुनी वेळ पडते, आणि तो गुंता सोडवणं फार जिकिरीचं असतं.

व्हीएमवेअर या दुसऱ्या यंत्रणेवर तिच्या ‘टूल्स’चं नियमित वेळ-सिंक आणि क्रोनी दोन्ही एकाच वेळी चालू ठेवू नका. एका घड्याळाला दोन धनी नकोत. केव्हीएमवर ‘पीटीपी केव्हीएम’ मॉड्यूलमधून होस्टची (व्हीएम ज्यावर चालते त्या खऱ्या मशीनची) वेळ थेट घेता येते, मला तो मार्ग आवडतो. फक्त होस्ट स्वतः एनटीपीशी (नेटवर्कवरून अचूक वेळ घेण्याची पद्धत) जुळलेला हवा.

घरच्या लॅपटॉपवर केव्हीएमची एक व्हीएम ‘विर्श सस्पेंड’ या आदेशाने १० मिनिटं थांबवा, ‘विर्श रिझ्यूम’ करा आणि ‘क्रोनीसी ट्रॅकिंग’मधली ‘सिस्टिम टाइम’ची ओळ (घड्याळ किती चुकलंय ते सांगणारी) अधूनमधून बघत राहा. तो आकडा शून्याजवळ यायला दोनेक तास लागतील.