अल्कलॉइडांवर संशोधन सुरू करताना : नरक्याच्या अनुभवातून

वनस्पतींमधील अल्कलॉइडांवर, म्हणजे नायट्रोजन असलेल्या आणि बहुधा अल्कधर्मी अशा संयुगांवर, काम करण्याची इच्छा घेऊन येणारे एमएस्सी किंवा एमफार्मचे विद्यार्थी बहुधा मॉर्फिन, क्विनीन आणि सदाफुलीतील व्हिन्क्रिस्टिन यांच्यापासून बोलायला सुरुवात करतात. मी मात्र त्यांना आधी कॅम्प्टोथेसिन या, कर्करोगावरच्या औषधांचा पाया ठरलेल्या, एकाच संयुगाचा इतिहास बारकाईने वाचायला सांगतो, कारण वनस्पतीतील रेणूचे औषध होताना जितक्या अडचणी येऊ शकतात, त्यांपैकी बहुतेक या एका उदाहरणात भेटतात.

मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी अमेरिकेतील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये एका चिनी वृक्षापासून हे संयुग वेगळे केले आणि १९६६ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. वाणी जन्माने नंदुरबारचे आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले होते, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या रसायनशास्त्राच्या वर्गांत आवर्जून सांगितली जावी असे मला मनापासून वाटते. पुढे १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी तेच संयुग सह्याद्रीत वाढणाऱ्या नरक्या या झाडात असल्याचे दाखवले.

पाठ्यपुस्तकात अल्कलॉइड वेगळे करण्याची ठरलेली रीत असते : अर्कात सौम्य आम्ल घालायचे, अल्कलॉइड क्षाररूपात पाण्यात उतरवायचे, मग अमोनिया घालून ते पुन्हा सेंद्रिय द्रावकात ओढून घ्यायचे. दारुहळदीतले बर्बेरीन असो वा कॅम्प्टोथेसिन, ही रीत जशीच्या तशी चालत नाही. कॅम्प्टोथेसिनमध्ये नायट्रोजन आहे, परंतु ते इतके दुर्बल अल्कधर्मी आहे की आम्लांबरोबर टिकाऊ क्षार बनवत नाही आणि अल्कलॉइड ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ड्रागेनडॉर्फच्या अभिकर्मकाने नेहमीचा नारिंगी रंगही देत नाही. त्यामुळे केवळ त्या चाचणीवर विसंबणारा विद्यार्थी नरक्याच्या अर्कातली सर्वांत मोलाची गोष्ट फेकून देऊ शकतो. तोच अर्क टीएलसी प्लेटवर (पातळ थरावर मिश्रणातले घटक वेगळे करणारी पट्टी) चढवून ती ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली धरली, की कॅम्प्टोथेसिनचा ठिपका लख्ख निळा चमकतो. प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या प्रत्येकाला मी ही प्लेट स्वतःच्या हाताने करायला लावतो.

यापुढचा भाग अधिक शिकवणारा आहे. कॅम्प्टोथेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचे लॅक्टोन कडे (रेणूतील अणूंचे एक वलय) उघडून बनवलेला सोडियम क्षार रुग्णांना देऊन पाहण्यात आला. कडे उघडलेल्या रूपाचा परिणाम फारच कमी असतो, आणि मूत्राच्या आम्लतेत ते कडे पुन्हा बंद होऊन मूत्राशयाला गंभीर इजा होते. अशा विषारी परिणामांमुळे त्या चाचण्या थांबल्या. १९८५ मध्ये त्याचे लक्ष्य टोपोआयसोमरेज-१ हे एन्झाइम असल्याचे कळले, तेव्हा त्यात पुन्हा जीव आला. हे एन्झाइम डीएनएचा पीळ सैल करण्यासाठी त्याचा एक धागा तोडते आणि पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन नेमके त्या तुटलेल्या जागी बसून जोडणी अडवते, आणि डीएनएची प्रत काढणारी यंत्रणा तिथे येऊन धडकली की दोन्ही धागे तुटून पेशी मरते. पाण्यात विरघळतील असे फेरफार करून बनवलेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही कर्करोगावरची औषधे १९९६ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. रचना कळल्यापासून तिथपर्यंत तीस वर्षे गेली. म्हणून पीएचडीत नवे संयुग मिळाले तरी लगेच ‘कर्करोगावर औषध सापडले’ असे लिहू नये. पेशींवरची चाचणी ही फार लांबच्या वाटेची सुरुवात असते.

या क्षेत्रात येणाऱ्याने रेणूची रचना ओळखण्यासाठी लागणारे एनएमआर आणि मास स्पेक्ट्रम वाचण्यावर पहिल्यापासून मेहनत घ्यावी. ज्ञात संयुग लवकर ओळखून बाजूला ठेवता आले नाही, तर अर्कातले घटक वेगळे करणारे कॉलम चालवण्यात महिनोन्महिने जातात आणि हाती तेच जुने बर्बेरीन लागते. त्याच्या जोडीला थोडे पेशीजीवशास्त्र शिकावे, म्हणजे चाचणी करून देणाऱ्या सहकाऱ्याशी नीट बोलता येते.

वनस्पतीच्या बाबतीत मी अधिक कडक आहे. बाजारातून आणलेल्या सालीवर प्रबंध उभारू नये. फुलाफांदीसह नमुना स्वतः गोळा करावा, पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रासारख्या ठिकाणी त्याची ओळख पटवून घ्यावी आणि त्याचा हर्बेरियम (वाळवून जपलेल्या वनस्पती-नमुन्यांचा संग्रह) क्रमांक शोधनिबंधात द्यावा. नरक्याची मागणी वाढल्यावर सह्याद्रीत त्याची झाडे बुंध्यापासून तोडून चोरून नेली गेली, आणि ज्या रेणूने रुग्णांना आधार दिला त्याच्यामुळे झाड संकटात यावे, याचे मला फार दुःख आहे. विद्यार्थ्याला सुरुवातीच्या कामासाठी मूठभर पाने आणि कोवळ्या फांद्या पुरतात. मुळे उपटण्याची गरज नसते. वनक्षेत्रातून नमुना घेण्याआधी वनविभागाची लेखी परवानगी घ्यावी, आणि नमुना परदेशी पाठवायचा किंवा पेटंटचा विचार असेल, तर जैवविविधता कायदा, २००२ खालील अटी मार्गदर्शकाबरोबर बसून आधीच वाचाव्यात, कारण काम पूर्ण झाल्यावर मागे जाऊन ही कागदपत्रे उभी करणे फार कठीण जाते.