हिमाद्रीला निघण्यापूर्वी

‘तिकडे थंडी किती?’ हेच कोल्हापुरात ज्याने त्याने मला विचारले. भारताचे आर्क्टिक संशोधन केंद्र ‘हिमाद्री’ नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातील नी-ऑलेसुंड या वस्तीत 2008 पासून आहे आणि तेथून उत्तर ध्रुव सुमारे 1,200 किलोमीटर राहतो. तरीही जुलैत तापमान बहुधा शून्याच्या चार-पाच अंश वरच असते. लोकरीचे आतले कपडे, मधला उबदार थर आणि वारा अडवणारे जाकीट एवढ्यावर भागते. सुती बनियन मात्र घरीच ठेवावा, कारण तो घामाने ओला झाला की वाळत नाही आणि अंगातली ऊब खेचून घेतो.

खरी परीक्षा सामानाची. स्वालबार्डच्या मुख्य गावाहून, लाँगइयरब्येनहून, छोट्या विमानाने अर्ध्या तासाच्या आत पोहोचता येते, पण सामानाची मर्यादा 20 किलोची, आणि धुके उतरले की उड्डाण पुढे ढकलले जाते. म्हणून जड उपकरणे काही महिने आधीच रवाना करावी लागतात. मी कांदा-लसूण मसाल्याची बरणी ठेवण्यासाठी दोन पुस्तके काढली, आणि सामायिक भोजनगृहातील उकडलेले बटाटे व मासे पाहिल्यावर तो निर्णय योग्यच वाटला. व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा घ्यावा. स्वालबार्ड हे शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर, असल्यामुळे परतताना ऑस्लोत पुन्हा प्रवेश करावा लागतो.

दुसरी अडचण नवख्याच्या ध्यानातही येत नाही. तेथे अतिशय क्षीण रेडिओ लहरी टिपणारी भूगणितीय (पृथ्वीचा आकार आणि फिरणे मोजणारी) वेधशाळा असल्याने वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावे लागतात. इंटरनेट तारेतून मिळते, पण माझ्या नव्या लॅपटॉपला ती तार जोडण्याची खाचच नव्हती! त्यासाठीचा छोटा जोड आणि तारेचा माउस कोल्हापुरातूनच न्यावा.

वस्ती मुळात कोळसा खाणीची. 1962 च्या स्फोटात 21 कामगार दगावले आणि पुढच्या वर्षी खाण बंद झाली. खाणकामगारांची बूट दाराशीच काढण्याची रीत मात्र टिकून आहे. आपल्याला ती शिकवावी लागत नाही. दारांना कुलूप नसते, कारण ध्रुवीय अस्वल दिसले तर समोरच्या कोणत्याही घरात शिरता आले पाहिजे. वस्तीबाहेर जाताना रायफल, झगझगीत प्रकाशगोळा उडवणारे फ्लेअर पिस्तूल आणि वॉकीटॉकी बरोबर असते, आणि कोण कोठे जातो व केव्हा परतणार हे आधी कळवावे लागते. माझ्यावर हल्ला झाला तो टर्न या समुद्रपक्ष्यांचा. पिल्लांजवळ गेलेल्याच्या डोक्यावर ते चोच मारतात. काठी उंच धरली की काठीवर झडप घालतात.

नमुन्यांच्या बाबतीत मी चुकलो. हिमनदीसमोरच्या गाळाच्या कुप्यांवर मी महाद्वार रोडवरून घेतलेल्या मार्करने नावे लिहिली होती. संध्याकाळी पेटी उघडली तेव्हा दमट कुप्यांवरची शाई हातमोज्याला लागलेली होती आणि बारापैकी चार कुप्या निनावी झाल्या होत्या. सूर्य ऑगस्टच्या अखेरपर्यंत मावळत नाही, म्हणून रात्री अकराला पुन्हा त्या जागी जाऊन ते चार नमुने घेता आले; या वेळी प्रत्येक कुपीच्या पिशवीत शिसपेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाकली.