तळव्यांना मुंग्या: न्यूरॉलॉजिस्टकडे जाण्याआधी काय केलं (माझा अनुभव)

दोन्ही तळव्यांना मुंग्या, रात्री आग. चप्पल पायातून निसटली तरी कळायचं नाही. गुहागरहून दोनदा कोल्हापूर गाठलं, पण डॉक्टरांसमोर निम्मं विसरायचो. फार चिडचिड झाली.

तिसऱ्या खेपेआधी १५ दिवस वही लिहिली: कुठे, किती वाजता, किती वेळ, कशाने वाढतं. मग पायाचं चित्र काढून बधिर भाग रंगवला. पोटरी फडफडताना मोबाइलवर व्हिडिओ घेतला. जुने रिपोर्ट तारखेनुसार लावले. गोळ्यांची नुसती नावं नको, पाकिटंच न्या. माझं मेटफॉर्मिनचं (मधुमेहाची गोळी) पाकीट बघूनच डॉक्टरांनी बी१२ जीवनसत्त्व तपासायला सांगितलं (वर्षानुवर्षं घेतल्यास ते कमी होऊ शकतं), आणि ते कमीच निघालं.

प्रश्न तीनच, पहिल्या पानावर: कारण काय असेल? नर्व्ह कंडक्शन (नसांमधून संदेश कसा जातो याची तपासणी) नॉर्मल आली तरी बारीक नसांचा त्रास असू शकतो का? कुठलं लक्षण दिसल्यास लगेच दवाखाना गाठायचा?