जुन्या बंगल्यात जुन्या वस्तूंची मांडणी कशी करावी

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी ‘क्राफ्ट्समन’ शैलीचे जे बंगले बांधले गेले, त्यांना उतरते रुंद छप्पर, पुढे ऐसपैस व्हरांडा आणि भिंतीतच बसवलेली कपाटे व बाके असत. गुस्ताव स्टिकली यांनी १९०१ साली सुरू केलेल्या त्याच नावाच्या मासिकाने ही शैली सर्वदूर पोहोचवली. साताऱ्यात किंवा वाईत ज्याला वडिलोपार्जित घर लाभले आहे, त्याला यात परके काहीच वाटणार नाही, कारण आपल्याकडेही ओसरी, फडताळ आणि कोनाडा हे घराच्या अंगचेच असतात. म्हणून काचेचे नवे शोकेस विकत घेण्यापूर्वी घराने आधीच दिलेल्या या जागा मोजून घ्याव्यात, आणि संग्रह त्यांत मावेल एवढाच बाहेर काढावा.

जागा ठरवण्यासाठी एक पावसाळा थांबता आले तर उत्तम. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, त्यामुळे पश्चिमेच्या व दक्षिणेच्या बाहेरच्या भिंती पाऊस ओसरल्यावरही बराच काळ ओल धरून राहतात. त्या भिंतींवर चित्रे किंवा पुस्तके ठेवू नयेत. लाकडी कपाट ठेवावेच लागले, तर भिंतीपासून चार बोटे अंतर सोडून पायांखाली दगडी चकत्या द्याव्यात.

रविवर्म्यांच्या छापखान्यातील (तो १८९४ साली सुरू झाला) चित्रे अनेक घरांत आजही आहेत, आणि त्यांची हानी बहुधा पाठीमागच्या फळीमुळेच होते, कारण लाकडातील आम्लाने कागद तपकिरी व ठिसूळ होतो. फळीऐवजी आम्लमुक्त पुठ्ठा घालून घ्यावा, चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवून मागे हवा खेळती ठेवावी आणि ऊन थेट पडू देऊ नये. चित्र काचेला चिकटले असेल तर ते ओढून सोडवण्याचा मोह टाळून जाणकाराकडेच न्यावे.

सागवानी व शिसवी सामानाखाली पिठासारखी ताजी भुकटी पडत असेल, तर कीड जिवंत आहे असे समजून ती वस्तू प्रथम वेगळी ठेवावी. पॉलिश कोणते आहे हे ओळखण्यासाठी आतल्या, न दिसणाऱ्या बाजूस स्पिरिटचा बोळा हलकेच टेकवावा. तिथे चिकटपणा आला तर ते लाखेचे पॉलिश आहे, आणि त्यावर पातळ हात पुन्हा देता येतो. सुताराने ‘सगळे घासून मेलामाइन मारू’ असे सुचवले, तर माझ्या मते नम्रपणे नकारच द्यावा: शंभर वर्षांच्या वापराने आलेली झिलई पॉलिश पेपरने एका दुपारीत निघून जाते.

पितळेबाबतही तेच. रोजच्या समईला चिंच चालते. परंतु देवांच्या जुन्या टाकांवर प्रत्येक घासणीत थोडा धातू जातो आणि चेहरे सपाट होत जातात, म्हणून ते मऊ फडक्याने नुसते पुसावेत.

लंबकाचे घड्याळ दाराशेजारच्या भिंतीवर टांगू नये, कारण दार आपटले की ते हलते. टांगल्यावर टिकटिक ऐकावी. ठोके विषम पडत असतील तर ते सम होईपर्यंत पेटी किंचित डावी-उजवीकडे सरकवावी.

अडकित्ते, पानाचे डबे, वजनमापे असे छंदाने जमवलेले जिन्नस घरभर विखुरण्याऐवजी एका जातीचे एकाच फडताळात ठेवावेत. औंधच्या संग्रहालयात एक दिवस घालवल्यास वस्तूंमध्ये किती जागा सोडावी हे डोळ्यांना आपोआप कळते. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती किंवा चित्रे घरात असल्यास पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार त्यांची नोंदणी करावी लागते का, हे पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे विचारून घ्यावे.

शेवटी एक वही करावी. वस्तू कोणाकडून आली, कोण वापरत असे, दुरुस्ती कधी झाली, हे घरातील वडीलधारी माणसे असतानाच त्यांना विचारून लिहावे. आणि जुन्या फोटोंच्या मागे नावे घालायची झाल्यास मऊ शिसपेन्सिलीनेच घालावीत, कारण शाई कालांतराने पुढच्या बाजूस उमटते.