विनोद कामाला कसा लावायचा: समुपदेशन, वर्ग आणि कामाची जागा

"मला जोक सांगता येत नाही हो" असं म्हणणारे शिक्षक, काउन्सेलर आणि सुपरवायझर नाशकात मला सतत भेटतात, आणि त्यांना मी पहिलं हेच सांगते की जोक सांगायचाच नाहीये. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या अमेरिकन संशोधकाने माणसं प्रत्यक्षात कधी हसतात हे मॉलबिलमध्ये फिरून ऐकलं, तर बहुतेक हसणं "चल, निघतो मी" असल्या साध्या वाक्यांनंतरचं निघालं, जोकसारखं काही त्याआधी असायचं ते फार तर दहा-वीस टक्के वेळा. म्हणजे पाठांतर नको, फक्त कुठे, कुणावर आणि कधी एवढं जमलं पाहिजे. (सकाळी जॉगिंग ट्रॅकवर हात वर करून हा हा हा करतात तो हास्यक्लब वेगळा, तो डॉ. मदन कटारियांनी १९९५ ला मुंबईत सुरू केला, तो व्यायाम आहे, चांगला आहे, पण इथे त्याचा विषय नाही.)

१. आधी खुर्ची बघा

तोंड उघडायच्या आधी स्वतःला विचारा, इथे वरची खुर्ची कुणाची? काउन्सेलर, मास्तर, साहेब, तिघंही वरच्या खुर्चीत बसतात आणि समोरच्याला न हसण्याची सोय नसते. साहेबांच्या जोकवर सगळे हसतात, त्यावरून जोक चांगला होता असं काही सिद्ध होत नाही. म्हणून माझा नियम असा की वरच्या खुर्चीतल्याने विनोद एकतर स्वतःवर करायचा नाहीतर प्रसंगावर, खालच्या खुर्चीवर कधीच नाही.

कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विनोदाचे चार प्रकार मांडले: माणसं जोडणारा, स्वतःला सावरणारा, दुसऱ्याला टोचणारा आणि स्वतःलाच तुडवणारा. पहिले दोन वापरायचे. तिसरा बंद. चौथा समोरच्याच्या तोंडून येतो तेव्हा कान टवकारायचे, त्याचं पुढे सांगते.

२. समुपदेशनात: पहिला विनोद समोरच्याला करू द्या

पहिल्या भेटीत आपण गमतीशीर आहोत हे दाखवायची घाई करू नका, अजिबात. माणूस रडवेला होऊन आलाय, घरात सांगून आलाय की मित्राकडे जातो म्हणून, त्याला आधी नीट ऐकलं गेलं पाहिजे. लॉरेन्स क्यूबी या मनोविकारतज्ज्ञांनी १९७१ मध्येच इशारा दिला होता की थेरपिस्टचा विनोद घातक ठरू शकतो, कारण पेशंटला कळत नाही डॉक्टर गंभीर आहेत की थट्टा करतायत, आणि राग आला तरी तो बोलून दाखवता येत नाही. मला त्यांचं सगळं पटत नाही, पण पहिल्या दोन-तीन भेटींपुरतं तरी पटतं.

मग समोरचा स्वतःहून काहीतरी बोलतो. अभ्यासिकेत वर्षं काढलेला पोरगा म्हणतो, "मॅडम, अभ्यासिकेतल्या पंख्याला पण माझ्यापेक्षा जास्त सिलॅबस पाठ असेल." इथे हसा, मनापासून हसा, आणि तो पंखा लक्षात ठेवा, पुढच्या भेटीत "पंखा काय म्हणतोय" विचारलं की गप्पांना सुरुवात होते. पण तोच पोरगा जर म्हणाला, "आमचं काय, आम्ही घरातला वाया गेलेला माल", आणि स्वतःच हसला, तर तुम्ही हसू नका. थोडं थांबा आणि शांतपणे विचारा, "हे असं कोण म्हणतं तुला?" तो चौथा प्रकार असतो, आणि त्यावर हसलात म्हणजे तुम्ही पण सही केलीत.

भीतीसाठी एक जुनी युक्ती आहे, व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांची. त्यांच्याकडे एक तरुण डॉक्टर आला होता, लोकांसमोर घाम फुटेल या भीतीनेच त्याला घाम फुटायचा. फ्रँकल म्हणाले, मुद्दाम दाखव लोकांना किती घाम काढू शकतोस ते. मग तो मनात म्हणायला लागला की आधी लिटरभरच काढला होता, आता दहा लिटर काढतो, आणि भीतीतली हवाच गेली. तोंडी परीक्षेत हात थरथरणाऱ्या मुलीला मी हेच करायला लावते, "आज एवढी थरथरणार की परीक्षकांच्या कपातला चहा सांडला पाहिजे" असं तिनेच तिच्या शब्दांत म्हणायचं, मी तिला म्हणायचं नाही, नाहीतर ती चेष्टा होते.

आणि हे कुठे नाही करायचं: दुःख ताजं असताना, मारहाण-अत्याचाराच्या बोलण्यात, आणि जीव नकोसा झालाय असं कुणी म्हटलं तर. हसत म्हटलं तरी. तेव्हा सरळ विचारायचं, एकटं सोडायचं नाही आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर लावून द्यायचा, तो सरकारी आहे आणि फुकट आहे.

३. वर्गात: विनोद धड्याला चिकटलेला हवा

मानसशास्त्रज्ञ अव्हनर झिव्ह यांनी इस्रायलमध्ये संख्याशास्त्राच्या वर्गावर प्रयोग केला होता, १९८८ मध्ये तो छापून आला. सत्रभर विषयाशी जोडलेला विनोद वापरून शिकवलेल्या मुलांना परीक्षेत जास्त मार्क पडले. त्याआधी १९७७ मध्ये कॅप्लन आणि पॅस्को या संशोधकांना दिसलं की लेक्चर झाल्या झाल्या चाचणी घेतली तर विनोदाने काही फरक पडत नाही, पण सहा आठवड्यांनी घेतली तर गमतीच्या उदाहरणांतून शिकवलेला भाग जास्त आठवतो. म्हणजे धड्याच्या आधी मोबाईलवरचा एक जोक वाचून दाखवायचा आणि मग "चला, पान नंबर ४२" याचा उपयोग शून्य, मुलांना जोक आठवतो, धडा नाही.

मग कसं करायचं? मुलांना आधीच माहीत असलेलं काहीतरी घ्या आणि त्यातला विसंगतपणा बाहेर काढा. प्रमाणित एकक शिकवायचंय ना, नाशकात गोदावरीला पूर आला की नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून आपण पाणी मोजतो, काय विचारतो, "दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं?" गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. सगळ्या गावाला बरोब्बर कळतं. आता मुलांना विचारा, इगतपुरीला पाऊस मोजायचाय, तर मारुतीला एसटीत बसवून न्यायचं का, आणि हाफ तिकीट की फुल? वर्ग हसतो, आणि हसू ओसरायच्या आत पुढचा प्रश्न टाका, "मग सगळ्या गावांना चालेल असं माप कसं असायला पाहिजे?" तिथे मीटर येतो. भौतिकशास्त्रातलं विस्थापन (निघालो तिथून किती सरकलो ते) शिकवताना नाशकाच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये उभी असलेली रिक्षा घ्या, फार काही बोलावंच लागत नाही.

विनोद झाला की तीच संकल्पना एकदा साध्या भाषेत परत सांगा, हे लोक विसरतात. तासाला तीन-चार गमती पुरे. शेवटी मुलांनाच त्या धड्यावर एक गंमत करायला सांगा, ज्याला जमली त्याला धडा कळला, चाचणी घ्यायची गरज नाही.

"ढ", "जाड्या", "चष्मिश" म्हणून वर्गाला हसवणारे मास्तर अजून आहेत. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७, त्यात मुलांचा शारीरिक छळ तर मना आहेच, मानसिक छळही मना आहे.

४. कामावर: मशीन बंद असताना

नाशकातल्या सातपूर, अंबडच्या कारखान्यांत शॉप फ्लोअरवर मस्करी ठरलेली असते, पण मशीन चालू असताना आणि कुणी उंचीवर असताना शून्य मस्करी. टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे काम सुरू होण्याआधीच्या सेफ्टीच्या छोट्या बैठकीत, मात्र जरूर करा, कारण रोज तीच सेफ्टीची सूचना ऐकून लोक कान बंद करून उभे असतात. "हेल्मेट डोक्याला घाला, हँडलला घालू नका, हँडलला बायकापोरं नाहीत" हे वाक्य पार्किंगपर्यंत तरी टिकतं.

पगारवाढीच्या बोलण्यात, कुणाला झापताना, राजीनामा घेताना विनोद नको. बिहार-ओडिशाहून आलेल्या पोरांच्या मराठीची नक्कल नको. बायकांवरचे, अंगावरचे जोक तर नकोच, कामाच्या जागी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात नकोशी लैंगिक शेरेबाजी हा छळच आहे, आणि "मी तर गंमत केली" हे तक्रार समितीपुढे कामाला येत नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचं फॉरवर्डही त्यातच धरा.

५. फसला तर

कुणी हसलं नाही तर जोक समजावत बसू नका, पुढचं बोला. कुणाला लागला असेल तर "अरे मस्करी केली, एवढं काय" असं म्हणू नका, त्याने दुप्पट लागतो. "मी बोललो ते चुकलं" एवढंच, आणि जेवढ्या लोकांसमोर बोललात तेवढ्याच लोकांसमोर म्हणा. वर्गात लागला असेल तर स्टाफरूममध्ये बोलावून म्हटलेलं सॉरी बाकीच्या पोरांना कळत नाही, आणि चिडवणं मात्र ती पुढे चालू ठेवतात.